जरा अडतो

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. जूनमध्ये पाऊस धरला की ती वर जाते आणि दसऱ्याला खाली येते. पूजेच्या पाटावर बाबांची कोयती असते, आईची विळी आणि शिवणाची कात्री असते, आणि गेली १४ वर्षं त्यांच्या शेजारी माझं कडे चढायचं सामान असतं: कॅरॅबिनर, चॉकनट, डिसेंडर आणि फ्रेंड. हळदकुंकू मी फक्त धातूला लावू देते. स्लिंगांना, म्हणजे कापडी पट्ट्यांना, आणि रोपाला, म्हणजे चढाईच्या दोराला, नुसतं झेंडूचं फूल.

ट्रंकेच्या तळाशी स्टीलचा एक डबा होता. त्यात दोन नंबरचा पिवळा फ्रेंड होता, एकटाच. मीच तो तिथे ठेवला होता आणि झाकण घट्ट दाबून बसवलं होतं.

कधी कडा चढायला न गेलेल्यांसाठी आधी हे सांगायला हवं. फ्रेंड म्हणजे कातळाच्या फटीत बसवायचं एक साधन. एका दांड्याच्या टोकाला चार वक्र पाकळ्या, दोन एका बाजूला उघडणाऱ्या, दोन दुसऱ्या. खाली ट्रिगर. ट्रिगर ओढला की बारीक तारा पाकळ्यांना मिटवतात, फटीत घालून सोडला की स्प्रिंगा त्यांना उघडतात आणि त्या दोन्हीकडच्या कातळाला टेकतात. दांड्याच्या स्लिंगमध्ये कॅरॅबिनर, म्हणजे उघडमीट होणाऱ्या गेटची धातूची कडी, आणि कॅरॅबिनरमधून रोप. वर चढणारा पडला तर दांडा खाली ओढला जातो, पाकळ्या आणखी उघडू पाहतात आणि कातळाला आणखी घट्ट धरतात. हातोडा लागत नाही, मागून येणारा तो अलगद काढून आणतो, कातळावर ओरखडाही राहत नाही. रे जार्डीन नावाच्या अमेरिकन गिर्यारोहकाने, तो विमान-अवकाश क्षेत्रातला इंजिनिअर होता, १९७० च्या दशकात हे साधन घडवलं आणि १९७८ पासून ते विकत मिळू लागलं. ‘फ्रेंड’ हे तेव्हाचं विक्रीचं नाव. आज कुठल्याही कंपनीचा असो, आमच्याकडे त्याला फ्रेंडच म्हणतात.

पाकळीचा वक्र हा मला अजूनही थक्क करणारा भाग आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूत सापडणारा एखादा शंख हातात घेऊन बघा. तो वाढत जातो तसा त्याचा वेढा मोठा होतो, पण वळण्याचा कोन साधारण तोच राहतो. फ्रेंडची पाकळी याच जातीच्या वक्राचा एक तुकडा असते. त्यामुळे फट अरुंद असो की रुंद, पाकळी कातळाला नेहमी एकाच कोनात भिडते. मूळ फ्रेंडमध्ये तो कोन १३.७५ अंशांचा होता. त्या कोनाचा हिशोब मांडला तर असं निघतं की खाली जेवढ्या जोराने ओढाल त्याच्या साधारण दुप्पट जोर दोन्हीकडच्या प्रत्येक भिंतीवर पडतो. माझं वजन ५५ किलो. मी नुसती त्यावर लटकले तरी कातळाच्या प्रत्येक बाजूला शंभर किलोहून जास्त वजनाइतका रेटा बसतो, पडले तर त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच घरांना चिरे पुरवणाऱ्या आमच्या लाडक्या जांभ्यात फ्रेंडवर भरवसा ठेवत नाहीत. तो दगड एवढा रेटा झेलत नाही. त्याखालचा काळा कातळ झेलतो, पण त्यात सलग, समांतर फटी कमी. म्हणून सह्याद्रीतल्या चढाईत कातळात ठोकून बसवायच्या पिटॉन आणि बोल्टवरच जास्त भर राहिला आणि फ्रेंड मोजके. मोजके, आणि नवा घ्यायचा तर हजारोंचा खर्च. जो असेल तो जपायचा, हे त्यातून आलं. जपण्याच्या नावाखाली आम्ही काय केलं, तेच सांगायचं आहे.

हा पिवळा मला एका वरिष्ठ गिर्यारोहकाकडून मिळाला. ते पुण्याला कायमचे गेले तेव्हा अर्धा संच आमच्या गटाला देऊन गेले. किती वर्षं वापरला, कुठे वापरला, कोण त्यावर पडलं, आम्ही विचारलं नाही. देणाऱ्याला असं विचारायचा संकोच वाटतो. स्लिंगचा रंग उडालेला होता. कापडी भागासाठी बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षांची मर्यादा सांगतात, हे मला माहीत होतं. तरी मी स्लिंग बदलली नाही.

आमचा सरावाचा कडा रत्नागिरीपासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, तिथली शांतता मला हवी आहे. भरतीला लाटा त्याच्या पायाशी येतात आणि ओहोटीला पुढे काळं खडप उघडं पडतं. दोन ठिकाणी कातळ उभा फाटलेला आहे, त्या फटींसाठी आम्ही तिथे जातो. वारा आला की ओठांवर मीठ लागतं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे मीठ काय करू शकतं ते ठाऊक असेल. पाणी दगडाच्या रंध्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक आतल्या आत फुगतात आणि दगड कण कण सुटत जातो. जे कातळाला सोडत नाही ते बोटाएवढ्या स्प्रिंगला सोडेल असं आम्ही का धरून चाललो, कळत नाही.

दुसऱ्या वर्षीच पिवळा अडायला लागला. ट्रिगर ओढला की चारही पाकळ्या मिटायच्या, सोडला की बाहेरच्या दोन खटकन उघडायच्या आणि आतल्या दोन मागे राहायच्या. मी घरी तो खेळवत बसले होते तेव्हा बाबांनी पाहिलं. काही न बोलता दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्यात खोबरेल सोडलं. आमच्या घरात बिजागरी कुरकुरली, कुलूप अडलं, रहाट वाजला की बाबा खोबरेलाची बाटली घेऊन येतात. मुलगी ज्यावर जीव टाकते त्या वस्तूला त्यांनी त्यांच्या परीने हात लावला. आठ दिवस फ्रेंड लोण्यासारखा चालला. मी त्यांना तसं सांगितलंही, आणि ते खूश झाले.

मग तेलाने आपलं काम केलं. जांभ्याची तांबडी धूळ त्याच्यावर बसली, आतलं मीठ त्याच्याखाली कोंडलं. शिवाय थंडीत सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठतं, हे कोकणातल्या लहान पोरालाही माहीत असतं. बाटली उन्हात ठेवायची, मग डोक्याला लावायचं. फ्रेंडच्या पोटातलं तेलही थंडीत तसंच घट्ट होत असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि मग ती युक्ती सापडली. कोणाला आधी सापडली आठवत नाही. ट्रिगर सोडल्यावर अंगठ्याने आतल्या दोन पाकळ्या बाहेर ढकलायच्या, की बसतो. ‘पिवळा जरा अडतो, अंगठा लाव.’ एवढं सांगितलं की झालं. पुढे तेही सांगायची गरज उरली नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे प्रत्येक घरात असं काहीतरी असतं. दार थोडं उचलून लोटायचं. पंपाला आधी एक थाप मारायची. पाहुणा दाराशी झटत राहतो, घरातलं माणूस येऊन एका हाताने ते उघडतं, आणि घर आपल्या हाताचं असल्याचं एक सुखही त्यात असतं. ते सुख मला त्या फ्रेंडच्या बाबतीतही वाटायचं, हे मान्य करते. नादुरुस्त वस्तूची सवय झाली की ती आपल्याला नादुरुस्त वाटेनाशी होते. तिची खोड आपण कौशल्यात जमा करतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसातला आम्ही कड्याशी होतो. कॉलेजातला एक मुलगा वर्षभरापासून आमच्याबरोबर येत होता. मागून चढायचा, नीट चढायचा, गाठी दोनदा तपासायचा. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा लीड घेतली, म्हणजे साधनं बसवत सगळ्यांच्या आधी तो चढणार होता. बिले माझा होता, म्हणजे खालून त्याचा रोप मी सांभाळत होते. साधनं त्याच्या कमरेला मीच लावून दिली, एकेक करून, पिवळ्यासकट.

त्याने खाली एक फ्रेंड बसवला, वर एक चॉकनट, म्हणजे फटीत अडकवायचा धातूचा ठोकळा, बसवला, त्याच्यावर पाच-सहा फुटांवर पिवळा. हलका हिसका देऊन पाहिला, रोप अडकवला. पुढची पकड लांब होती. दोनदा हात टाकून परत आला आणि म्हणाला, “ताई, रोप ताण. जरा बसतो.” मी रोप ताणला. त्याने वजन टाकलं, क्षणभर टेकला, आणि पिवळा फटीतून निघून रोपावरून घरंगळत त्याच्याबरोबर खाली आला.

चॉकनटने धरलं. सगळं मिळून दहा-बारा फूट असेल. पण वाटेत कातळाची एक पायरी होती आणि तिच्यावर त्याचा उजवा घोटा आपटला. मी त्याला हळूहळू खाली सोडलं तेव्हा तो काही बोलत नव्हता, फक्त रोप दोन्ही हातांनी धरून होता. पिवळा माझ्या पायांशी येऊन थांबला. बाहेरच्या दोन पाकळ्या उघड्या, आतल्या दोन अर्ध्या मिटलेल्या. फटीतही तो असाच बसला असणार, एका बाजूने टेकलेला, दुसऱ्या बाजूने नुसता तेलाच्या आणि धुळीच्या चिकटपणावर थांबलेला.

स्प्रिंगचं काम इथे कळतं. पडणाऱ्याला स्प्रिंग धरत नाही, तिची ताकद फार थोडी. धरतात त्या पाकळ्या आणि कातळ. पण पाकळ्या कातळाला टेकलेल्या असतील तरच भार आल्यावर त्या चावा घेणार. त्यांना तिथवर नेऊन तिथेच ठेवणं, एवढंच स्प्रिंगचं काम. फ्रेंडवर तो किती भार झेलेल त्याचा किलोन्यूटनमधला आकडा कोरलेला असतो आणि तो वाचून धीर येतो. तो आकडा चारही पाकळ्या नीट टेकलेल्या फ्रेंडचा आहे.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याची आई आली. घामाघूम, रिक्षाने आलेली, पिशवीत त्याच्यासाठी कपडे. त्यांनी विचारलं, “कशानं पडला?”

मी म्हटलं, “काकू, फ्रेंड सुटला.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे कोणी सोडलं त्याला?”

मला लगेच समजलं की त्यांनी शब्द कसा घेतला. खुलासा करायला तोंड उघडलं आणि खुलासा करता आला नाही. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. फ्रेंड म्हणजे काय, तो कधीपासून अडत होता, आम्हा सगळ्यांना कसं माहीत होतं, आणि तुमच्या मुलाला सांगायचं राहिलं. त्या रागावल्या नाहीत. “सांगायला काय लागलं असतं?” एवढंच म्हणाल्या. सहा आठवडे प्लास्टर होतं.

त्या रात्री पिवळा डब्यात गेला. मार्च, एप्रिल, मे मी कड्यावर गेले नाही. 

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या दाटीने उभ्या राहतात आणि त्या दोन महिन्यांत इंजिनांची कामं निघतात. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, बंदरात सगळे त्यांना चाचा म्हणतात. बाबांची आणि त्यांची जुनी ओळख. जूनच्या शेवटी मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. कड्यावर चढायचं सामान त्यांनी आयुष्यात हातात घेतलं नव्हतं. ट्रिगर एकदा ओढला, सोडला, कानाशी नेऊन परत ओढला. मग पाकळीच्या बुडाशी नख घालून थोडा मळ काढला आणि जिभेच्या टोकाला लावला.

“खारट आहे. वर खोबरेल कोणी घातलं?”

“बाबांनी.”

“त्याला सांग, आधी मीठ काढायचं, मग तेलाचं नाव घ्यायचं. मिठावर तेल म्हणजे मिठाला पांघरूण.”

खाऱ्या पाण्यातून आलेली प्रत्येक वस्तू ते आधी गोड्या पाण्यात टाकतात. पाना असो, बेअरिंग असो. मला त्यांनी पाकळीवरची पांढरी भुकटी दाखवली, अॅल्युमिनियम खाल्लं गेल्याची खूण. सगळ्यात जास्त ती आतल्या बाजूला होती, पाकळी जिथे पोलादी एक्सलला लागते तिथे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यातला एक दुसऱ्यापायी झिजत जातो, आणि इथे झिजणारा अॅल्युमिनियम. होडीच्या तळाला ते जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी, जस्त झिजावं आणि पंख्याचा दांडा वाचावा म्हणून. माझ्या फ्रेंडला असा ठोकळा कुठून असणार.

घरी आल्यावर मी संच धुवायला काढला. सगळाच. न्हाणीघरात कोमट पाण्याची बादली, थोडासा साधा साबण, जुना टूथब्रश. बाबा पाटावर येऊन बसले. तोवर मी त्यांना खोबरेलाचं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, चाचांच्या शब्दांतच. ते बराच वेळ बादलीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “मग मुलगा माझ्यामुळे पडला.” मी म्हटलं, तेल तुम्ही एकदा घातलंत, अडतो हे माहीत असून तीन वर्षं मी तो वापरला. त्यावर ते काही बोलले नाहीत, दुसरा ब्रश घेऊन आले.

पाण्यात बुडवून ट्रिगर ओढायचा, सोडायचा, ओढायचा, सोडायचा. पहिल्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, पाठोपाठ तांबडी गढूळ रेघ निघाली. पाणी बदललं. पाचव्या बादलीला पाणी पाण्यासारखं दिसलं. मग नुसत्या गोड्या पाण्यात दोनदा. पावसात वाळणार कसं, हा प्रश्न होता. माजघरात दोरी बांधून सगळं पंख्याखाली टांगलं, तीन दिवस. चुलीजवळ नाही, दिव्याजवळ नाही, स्लिंगांना धग चालत नाही. पूर्ण वाळल्यावर एक्सलपाशी आणि स्प्रिंगपाशी कोरडं, मेणासारखं वंगण, थेंबभरच, आणि जास्तीचं लगेच पुसून. पाकळीच्या दातेरी कडेला अजिबात नाही, कारण ती कड कातळाला घासून धरते. स्लिंगलाही नाही.

बाकीचे फ्रेंड सुधारले. एक कॅरॅबिनर, ज्याचं गेट अर्ध्यात थांबायचं, तोही खटकन मिटायला लागला. गेट उघडं राहिलेला कॅरॅबिनर बंद कॅरॅबिनरच्या साधारण एक तृतीयांश भारच पेलतो. युरोपीय मानकात किमान आकडे २० आणि ७ किलोन्यूटन असे आहेत. अर्ध्यात थांबणारं गेट हीसुद्धा आमच्याकडे तोवर ‘खोड’च होती.

पिवळा सुधारला नाही. मळ गेल्यावर खरं कारण दिसलं. आतल्या एका पाकळीची स्प्रिंग गंजून मधे तुटलेली होती आणि तिच्या ट्रिगरच्या तारेचे दोन धागे सुटून बाहेर आले होते, बोटाला टोचत होते. तेलामळाच्या थराखाली ते कधीपासून असतील कोणास ठाऊक.

त्या कड्याच्या माथ्यावर दोन जुने बोल्ट आहेत. त्यातला एक गंजून तपकिरी झाला आहे, त्याला कोणी हात लावत नाही. दुसरा स्टेनलेस, चकचकीत, आणि तिथून आम्ही वर्षानुवर्षं रॅपल केलं, म्हणजे रोपावरून खाली उतरलो. आता मला त्याचीच धास्ती जास्त वाटते. थायलंडच्या समुद्रकाठच्या कड्यांवर स्टेनलेसचे बोल्ट वरून धडधाकट दिसत असताना तुटले. खाऱ्या हवेत ताणाखाली असलेल्या स्टेनलेसला आतून बारीक चिरा जातात, गंजाचा डाग फारसा न दाखवता. तिथे नंतर टायटेनियमचे बोल्ट बसवायला लागले. आम्ही सध्या माथ्यावरच्या झाडाच्या बुंध्याला आणि एका मोठ्या धोंड्याला अँकर बांधतो. वेळ लागतो, लागू दे.

ऑगस्टपासून एक वही केली आहे. प्रत्येक वस्तूला एक पान. कधी घेतली, कोणाकडून आली, समुद्रावर कधी नेली, कधी धुतली, कोण तिच्यावर पडलं. आणि काही खटकलं तर ते त्याच संध्याकाळी. जुन्या साथीदारांना सुरुवातीला हे जास्तीचं वाटलं. पण पहिल्याच आठवड्यात तिघांनी तीन अशा गोष्टी लिहिल्या ज्या त्यांना दोन-दोन वर्षांपासून माहीत होत्या.

तर खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी डबा उघडला. सगळ्यांचं आधीच ठरलं होतं, तरी जूनपासून माझा हात धजावत नव्हता. आईची शिवणाची कात्री घेतली आणि पिवळ्याची स्लिंग मधोमध कापली, म्हणजे चुकूनही कोणी तो कमरेला लावणार नाही. जुनं नायलॉन करकरत कापलं गेलं. दुसऱ्या दिवशी पाटावर तो बाकीच्यांबरोबर मांडला. बाबांनी त्यालाही हळदकुंकू लावलं.

दसऱ्याला संध्याकाळी तो मुलगा आपट्याची पानं घेऊन आला. आता नीट चालतो, जिना उतरताना मात्र अजून कठडा धरतो. बाबांच्या पाया पडला, मला सोनं दिलं आणि पाटाजवळ जाऊन उकिडवा बसला. एकेक फ्रेंड उचलून ट्रिगर ओढून, सोडून, चारही पाकळ्या बघून खाली ठेवत गेला. शेवटी पिवळा उचलला. कापलेली स्लिंग दोन बाजूंना लोंबत होती. त्याने ट्रिगर ओढला, सोडला, थोडा वेळ थांबला.

“ताई,” तो म्हणाला, “अडतोच आहे.”